पातळ द्रावण

नीरज सरांनी कागद टेबलावर पसरला. "बघ, कसं आरशासारखं स्वच्छ आलंय!"

कागदावरच्या आलेखात एकच उंच शिखर होतं, बाकी रेघ सपाट. ती सपाटी बघूनच पंचशीलाचं डोकं तापलं.

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या गाळ्यांमधल्या औषध कंपनीत ती केमिस्ट होती. रक्तदाबाचं औषध बनवताना त्यात एक अपायकारक पदार्थ मागे राहायचा. हजारात एक भाग, एवढीच त्याला मुभा. द्रावणातला प्रत्येक पदार्थ वेगळ्या शिखराने दाखवणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर तो किती उरलाय हे तपासायची पद्धत बसवायचं काम तिच्याकडे होतं. तपासायचं द्रावण किती दाट घ्यायचं, यावर सगळं अडलेलं. आणि लॅबचे प्रमुख नीरज सर, त्यांनी ते पाण्यासारखं पातळ ठरवून टाकलं होतं.

ती त्यांच्या केबिनमध्ये गेली, दार लावून घेतलं.

"सर, एवढ्या पातळ द्रावणात तो पदार्थ मर्यादेइतका असला तरी यंत्राला कळत नाही. मी मुद्दाम घालून बघितला. रेघ हललीसुद्धा नाही."

"मग चांगलंच आहे की. दिसत नाही म्हणजे नाही."

"डोळे मिटले की रस्त्यातला खड्डा बुजतो का, सर?"

"पंचशीला, सोमवारी माल जायचाय. जास्त दिमाग लावू नकोस."

तिने लावलाच. सोमवारी जायच्या मालाचंच द्रावण दहापट दाट केलं. मोठ्या शिखराशेजारी एक बुटकं शिखर स्पष्ट उभं राहिलं, मर्यादेच्या दुप्पट. मग कुठवर दाट करता येतं हे कळावं म्हणून तिने आणखी पाचपट वाढवून बघितलं. तिथे मात्र मोठं शिखर बुडाशी पसरलं आणि बुटक्याला गिळून बसलं. म्हणजे हे फार झालं, मधलंच बरोबर. तिने सगळे आलेख सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि तसं तोंडानेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला गुणवत्ता विभागाच्या मृणालिनी मॅडम आल्या. सरांनी त्यांच्यापुढे दोनच आलेख ठेवले. एक स्वतःचा, पातळ द्रावणाचा. दुसरा सगळ्यात दाट द्रावणाचा.

"पंचशीला म्हणते तसं दाट घेतलं की असा चिखल होतो, मॅडम."

पंचशीलाच्या कानांतून वाफा निघाल्या. चूक झाली असती तर तिने समजून घेतलं असतं. पण या माणसाने मधला आलेख जाणूनबुजून दडवला होता, आणि वर तिलाच वेड्यात काढत होता! औषध गिळणाऱ्या माणसाचा विचार याच्या मनाला शिवला तरी होता का?

"मधला आलेख कुठे आहे, सर?"

"कुठला?"

ती ताडकन उठली. "मॅडम, कागद राहू देत. यंत्र चालू आहे. तिन्ही द्रावणं आत्ता तुमच्यासमोर लावते."

मृणालिनी मॅडम खुर्ची ओढून यंत्रासमोर बसल्या. सर दारात उभे राहून मोबाईलवर कुणाला तरी "हो जाएगा, हो जाएगा" म्हणत होते. पातळ द्रावणात काहीच आलं नाही. मधल्यात ते बुटकं शिखर हळूहळू वर आलं. मॅडम पुढे वाकल्या.

"हे मर्यादेच्या वर आहे?"

"दुप्पट."

"नीरज, माल थांबवा."

माल थांबला. पुन्हा शुद्ध केल्यावर त्याच मधल्या द्रावणावर तपासला, तेव्हा तो मर्यादेत आला. पण आलेख का दडवला, हे सरांना कुणीच विचारलं नाही. उलट मॅडमनी पंचशीलाला बाजूला घेतलं.

"अगं, झालं ना तुझ्या मनासारखं? पण सगळ्यांसमोर एवढ्या मोठ्याने नको होतं बोलायला."

"हळूच सांगितलं होतं, मॅडम. दार लावून. त्याचं काय झालं ते बघितलंत ना?"



तपासणीच्या पद्धतीचा अहवाल सहीला आला. त्यात द्रावणाबद्दल नुसतं लिहिलं होतं, 'योग्य तीव्रता निवडण्यात आली.' पंचशीलाने पेन काढलं आणि पातळ द्रावण का बाद केलं, ते खाली सविस्तर लिहिलं.

"याची गरज आहे का?" नीरज सरांनी विचारलं.

"आहे. उद्या दुसरं कोणी पातळ करायला जाईल."

त्यांनी सही केली, तिच्याकडे न बघता. संध्याकाळी पूनम सागरला घरी पोचेपर्यंत ती धुमसतच होती. आईने विचारलं, "काय झालं गं?" तेव्हा चपला काढायच्या आधीच तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.