चार महिला संशोधक

कशेळ्याच्या रस्त्यावरच्या खासगी भात संशोधन केंद्रात सोनाबाई बावीस वर्षं रोजावर होती. सकाळी फुलं उमलायच्या आत चिमट्याने एकेका फुलातले पुंकेसर काढायचे, लोंबीला कागदी पिशवी घालायची, दुपारी दुसऱ्या जातीचे पराग झटकायचे. नव्या जाती अशाच निघतात.

तिचा मुलगा प्रीतम तिथेच संशोधन अधिकारी होता. एम.एस्सी. झाल्यावर बुद्धविहारात त्याचा सत्कार झाला, तेव्हा "हे सगळं आईमुळे" असं त्याने सर्वांसमोर सांगितलं होतं. ऑफिसात मात्र तो तिला 'सोनाबाई' म्हणे. केंद्राच्या साहेबांनी नाती घरी ठेवायला सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर प्रीतमला ते बरंच वाटलं होतं.

देशात संशोधन कोण करतं, त्यात बायका किती, हे मोजून सरकार धोरण ठरवतं. त्याचा फॉर्म केंद्रात आला. महिला संशोधकांच्या रकान्यात शून्य येत होतं.

"शून्य बरं दिसत नाही," साहेब म्हणाले. "फुलांवरच्या चार बायका टाक."

प्रीतमची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्याने टाकल्या. चौथी शिकलेल्या आईच्या नावापुढे बी.एस्सी. लिहिताना त्याचा हात अडखळलासुद्धा नाही, ही लाजेची गोष्ट आहे.

फॉर्म पडताळायला सरकारी मॅडम यायच्या होत्या; विचारलं तर बी.एस्सी. सांगा, असं चौघींना पढवलं होतं. त्या सकाळी भाकरी थापता थापता सोनाबाईने विचारलं, "खोटं कशाला लिवलंस रं?"

"कागदापुरतं गं, आई."

"वाऱ्यात न पडणारं ते नवं भात मी येगळं काढलं व्हतं. त्याच्या कागदावर माझं नाव हाय?"

त्या जातीचे शोधकर्ते म्हणून दोन नावं होती, एक साहेबांचं आणि दुसरं त्याचं.

केंद्रावर चौघींना पांढरे कोट चढवले होते. तपासणीला आलेल्या दर्शना मॅडमनी सोनाबाईला शिक्षण विचारलं.

"चौथी."

"आणि हुद्दा?"

"हुद्दा कसला, बाई? आमी रोजावर. हा कोट आजच घातलाय." तिने तो काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला.

"घाबरल्यात त्या," साहेब हसले. "काय प्रीतम?"

एक 'हो' म्हटलं असतं तर नोकरी वाचली असती. प्रीतमने मान वर केली, पण आईकडे बघायचं धाडस झालं नाही.

"फॉर्म खोटा आहे, मॅडम. मीच भरलाय. आणि ते नवं भात या सोनाबाईंनी शोधलं, मी नाही. ही माझी आई आहे."

साहेबांचं हसू मावळलं. दर्शना मॅडमनी चारवर काट मारून शून्य लिहिलं.

"शून्य लिवलं ते बरं केलंत," सोनाबाई म्हणाली. "पण शून्य का हाय, ते बी लिवा."

मॅडमनी फॉर्म उलटून पाहिला. कारणासाठी त्यात जागा नव्हती.

"मी वेगळं लिहून जोडतो," प्रीतम म्हणाला. साहेबांच्या देखत त्याने कोरा कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली : 'या केंद्रातलं नवं भात माझ्या आईने निवडलं. तिचं नाव मी गाळलं.'