कारणं शोधणारी कमिटी

अमेरिकेतली काळी मुलं पीएच.डी.कडे का वळत नाहीत याची कारणं शोधायला आमच्या विद्यापीठात अधूनमधून एक कमिटी बसते. प्रत्येक कमिटीत मी असते. कारण उघड आहे, जीवशास्त्र विभागात काळी प्राध्यापक मी एकटीच. नेमणुकांच्या कमिटीत मी, तक्रारींच्या कमिटीत मी, माहितीपत्रकाच्या फोटोत पुढच्या रांगेतही मीच. एक ना धड भाराभर चिंध्या. शेवटी अहवाल निघतो की मुलांमध्ये जागृती वाढवायला हवी. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

या वर्षी मात्र मला कारणांशी काही कर्तव्य नव्हतं. मला ब्रिएल हवी होती.

ब्रिएल गॅडसन आमच्याच चर्चमधली पोर. चार्ल्स्टनच्या दक्षिणेला जी बेटं आहेत तिथली. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कालवं काढतात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून ती माझ्या लॅबमध्ये येत होती. एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावला की हिला जेवणाची शुद्ध नसे. कालवांची पिल्लं कशानं मरतात यावर तिनं असं काही शोधून काढलं होतं, की माझ्यासारखीनं तोंडात बोट घालावं. माझ्या हाताखाली पीएच.डी.ची जागा तिला मिळालीही होती. पंधरा एप्रिलपर्यंत होकार कळवायचा, हा इथला देशभरचा रिवाज.

"डॉक्टर टॉलिव्हर, होकार द्यायच्या आधी तुमच्याशी निवांत बोलायचंय," ती मार्चमध्येच म्हणाली होती.

"ये की बुधवारी."

बुधवारी डीननं बोलावलं. पुढच्या भेटीच्या वेळी फोटोवाला आला. त्यानंतर एका पाहुण्यांना विभाग दाखवायचा होता, आणि तो म्हणे मीच दाखवलेला बरा दिसतो. दर वेळी ब्रिएल दारात उभी राहायची आणि "असू दे, नंतर येते" म्हणून निघून जायची.

ईस्टरच्या जेवणाला चर्चच्या हॉलमध्ये तिची आई लोरेटा लाल भाताचं ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली.

"काय हो डॉक्टर, ही अजून पाच-सहा वर्षं शिकणार आणि शेवटी डॉक्टर म्हणवून घेणार. माझ्या गुडघ्याला गोळी तरी लिहून देईल का?"

"नाही, लोरेटा."

"मग कसली मेली डॉक्टर! इकडे मत्स्यखात्यात नोकरी चालून आलीय. पेन्शन, दवाखाना, सगळं आहे. आमची सगळी भावकी मला वेड्यात काढतेय." तिनं कोंबडीचा तुकडा माझ्या ताटात टाकला. "तरी मी अडवत नाही हो. ती म्हणते, टॉलिव्हर डॉक्टरांसारखं व्हायचंय. म्हटलं, मग होऊ दे. फक्त तिकडे तिला एकटी पाडू नका."

"माझ्या डोळ्यांसमोर असेल ती," मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

पंधरा एप्रिलला दुपारी ब्रिएलला बोलावलं होतं आणि त्याच सकाळी निरोप आला की कमिटीची बैठक नेमकी त्याच वेळी आहे. मी कपाळावर हात मारून घेतला. विभागप्रमुख कीथ लँडिसला फोन केला.

"कीथ, आज मला वगळ. विद्यार्थिनी यायचीय, महत्त्वाचं आहे."

"अगं, तुझ्याशिवाय कसं चालेल? विषय काय आहे बघ ना!"

विषय मला पाठ होता. ब्रिएलला म्हटलं, "बैठकीच्या खोलीबाहेर थांब, मी मध्येच उठून येते." पण मध्येच काही उठता येईना. कुणीतरी तक्ता दाखवत होतं, कुणीतरी त्या तक्त्याचं कौतुक करत होतं. तेवढ्यात कीथ पाणी आणायला बाहेर गेला आणि ब्रिएलला हाताला धरून आत घेऊन आला. चेहरा असा, जणू लॉटरीच लागलीय.

"ही बघा, आयतीच सापडली! बस, बस. आम्ही तुझ्यासारख्यांविषयीच बोलतोय. सांग बरं मोकळेपणानं, तुमची मुलं का येत नाहीत?"

ब्रिएलनं आधी माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "बाकीच्यांचं मी कशी सांगू? मी तर आलेच होते. महिनाभर येतेय. डॉक्टर कधी रिकाम्याच सापडल्या नाहीत."

"वा! हे लिहून घ्या," कीथ म्हणाला. "मार्गदर्शनाची उणीव. अगं, तू इतकं छान बोलतेस! सप्टेंबरपासून आलीस की या कमिटीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून तूच."

कौतुकाच्या माना हलल्या. माझं डोकं असं फिरलं की समोरचा तक्ता टराटरा फाडावासा वाटला. "कीथ, तिला सोड!" मी ओरडलेच आणि तिला घेऊन बाहेर आले.

"मी आहे ना," मी तिला जिन्यात म्हटलं. "एकाही कमिटीत तुला ओढू देणार नाही. माझा शब्द आहे."

"तुम्हाला कुणी असा शब्द दिला नव्हता का?"

दिला होता, आणि देणारा माणूस चांगला होता.

"डॉक्टर, तुमचा राग नाही हो," ती म्हणाली. "पण मला कालवं बघायचीत. तुम्ही मायक्रोस्कोपला डोळा शेवटचा कधी लावलात?"

मी आठवू लागले. गेल्या थंडीत? त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात? खोटं सांगावं असंही मनात आलं, पण ही पोर रोज त्याच लॅबमध्ये बसत होती. ती थांबली, मला वेळ दिला. मग तिनं मला घट्ट मिठी मारली, चर्चमध्ये मारतो तशी, आणि म्हणाली, "मत्स्यखात्याला होकार कळवते."

ती खाली उतरून गेली. वरून कीथनं दार उघडून हाक मारली, "टॉलिव्हर, येतेस ना? अजून कारणं संपली नाहीत."