ग्रीसमामाचा फितूर साक्षीदार

मित्रांनो, चौकाच्या कोपऱ्यात, दांड्याला कुलूप आणि अंगावर तांबडी फुली असलेला एक जुना हातपंप तुम्ही पाहिला असेल. तोच मी. माझी मान लोखंडी आहे, ती खाली जात नाही. नाहीतर ही गोष्ट सांगताना गेली असती.

मला इथे बसवलं तेव्हा गावात तीनच गल्ल्या होत्या. माझी देखभाल करणाऱ्या मेकॅनिकला सगळे ग्रीसमामा म्हणत. दर महिन्याला तो माझ्या डोक्याचं झाकण उघडून आतल्या साखळीला ग्रीस लावायचा. "मामा, तुमचा पंप लोण्यासारखा चालतो हो!" असं बायका म्हणाल्या की मी फुगून जायचो.

मग गावाबाहेर तेल लागलं. मनोरे उभे राहिले, टँकर आले, गोठ्यांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. घरटी एक माणूस तेलावर कामाला लागला. तीन गल्ल्यांच्या तेरा झाल्या.

चौथ्या उन्हाळ्यात माझ्या पाण्याला वास येऊ लागला. बादलीत रंगीत तवंग दिसायचा. मुलांची पोटं दुखू लागली. जमिनीखाली तेलाची एक नळी गळत होती. पण ज्या घरात तेलाचा पगार येतो, तिथल्या नाकांना तेलाचा वास कसा येणार?

"मामा, हात आवरा जरा! ग्रीस लावता की पाण्याला फोडणी देता?" चौकासमोरच्या घरातली शिंपीणकाकू कडाडली.

"अहो काकू, साखळी वर, पाणी खाली. दोघांची गाठच पडत नाही. झाकण उघडतो, तुम्हीच बघा."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

बघितलं कोणीच नाही.

नगरपालिकेच्या साहेबांनी परीक्षा ठरवली. साखळी धुवायची, तरीही वास आला तर मामा निर्दोष. कागद फिरत फिरत तो दिवस उजाडला, तोवर पावसाळा उलटला होता. सगळा गाव जमला. मामाने साखळी साबणाने लख्ख धुतली आणि हळूच म्हणाला, "बाबा रे, खरं बोल हं."

मी नितळ पाणी दिलं.

तेल पाण्यावर तरंगतं. पावसाने जमिनीतलं पाणी चढलं, तेल त्याच्यासोबत वर गेलं आणि माझ्या पाइपचं तोंड खाली, स्वच्छ पाण्यात राहिलं. मला हे कळत होतं, पण पंपाला पाण्याशिवाय दुसरं बोलता येत नाही.

"बघा, गेला की नाही वास!" काकू म्हणाली. मामाची नोकरी गेली. आठवड्याभरात तो गाव सोडून बहिणीकडे निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात वास परत आला. आता पाणी तपासलं, नळी खणून काढली, मला कुलूप लावलं. मामाला पत्र मात्र कोणी लिहिलं नाही.

मित्रांनो, कोणावर बोट ठेवण्याआधी झाकण उघडून बघा. आणि एका दिवसाच्या स्वच्छ पाण्यावर निकाल देऊ नका, उन्हाळ्यापर्यंत थांबा.

गेल्या महिन्यात मामा आला होता. केस पांढरे, हातात ग्रीसचा डबा. शिंपीणकाकूने त्याला पाहिलं आणि दार लोटून घेतलं. त्याने माझं झाकण उघडलं, कोरड्या साखळीवरून बोट फिरवलं.

"आजोबा, पंप तर बंद आहे ना?" एका मुलीने विचारलं.

"बंद असला म्हणून काय झालं? गंज धरतो गं."

ग्रीस लावून झाल्यावर त्याने झाकण नीट बसवलं आणि तो गेला. ते उघडं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. आता तरी कोणी आत डोकावलं असतं.