थाइमच्या तीन बाटल्या

मी नीला. घाटकोपरला राहते, अंधेरीला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. आमच्याकडे थाइमचा अर्क येतो, मोठ्ठ्या पिंपांतून. विलायती झुडूप आहे, वास थेट ओव्याचा. त्याच अर्कातून खोकल्याचं सिरप होतं, पिझ्झ्यावरचा मसाला होतो आणि पिंपल्सचं क्रीमपण. अठरा वर्षं हेच बघतेय, त्यामुळे आमच्या गल्लीची अर्धी डॉक्टर मीच.

शिवदास माझा धाकटा भाऊ, पवईला वॉचमन. गणपतीनंतर खोकायला लागला. मी लगेच सिरप नेऊन दिलं. पंधरा दिवसांनी त्याची बायको नंदा म्हणाली, "ताई, एकदा एक्स-रे काढू या का? संध्याकाळचा ताप येतोय ओ त्यांना."

माझं डोकंच सटकलं. "अगं, परदेशात लोक हेच घेतात! आमच्या कंपनीचा माल आहे, फुटपाथवरचा नाही. एक्स-रे म्हणे!" बिचारी चहा ठेवायला उठली. मी दुसरी बाटली दिली, मग तिसरी. दर रविवारी विचारायचे, "काय रे, बरं वाटतंय ना?" तो म्हणायचा, "झकास, ताई." पँट सुतळीनं बांधत होता मेला, तरी झकास! आणि मला ते खरं वाटायचं, कारण मला ते खरं हवं होतं.

परवा बेसिनमध्ये रक्त पडलं, तेव्हा कुठे त्याला सरकारी हॉस्पिटलात नेलं. टीबी निघाला. उजवं फुफ्फुस जवळजवळ संपलेलं. डॉक्टर पोरसवदा मुलगी होती, पण भडकली. "तीन महिने खोकला, ताप, वजन घटलेलं, आणि आता येताय? आधी आला असतात तर गोळ्यांनी बरे झाला असतात. आता मी काही सांगू शकत नाही. इतके दिवस कोणाचं औषध घेत होतात?"

नंदानं माझ्याकडे बघितलं. त्या अर्काचा काय दोष? तो घसा शांत करतो, तेवढंच त्याचं काम. बाकीचं सगळं मी केलं होतं.

शिवदास धाप टाकत म्हणाला, "कोणाचंच नाही, मॅडम. मीच आळस केला. बायको आणि बहीण, दोघी मागे लागल्या होत्या."

डॉक्टरनं ते केसपेपरवर लिहून घेतलं. मी बाजूलाच उभी होते. मी काही बोलले नाही.