एकच शीट, मुंबई

औरंगाबादला गुलमंडीवर अनंतरावांच्या कापडदुकानात गिऱ्हाइकांना बसायला विमानाच्या दोन खुर्च्या आहेत. खऱ्या. पट्ट्यांसकट. साड्या बघायला आलेल्या बायका आपापल्या नवऱ्यांना तिथं बसवतात आणि काही नवरे आपणहून पट्टा लावून घेतात. मी तिथं बसलो की आधी गुडघा आणि समोरचं काउंटर यांच्यामध्ये हात घालून बघतो. चार बोटं बसतात. अनंतरावांना वाटतं, मला गुडघ्याचा त्रास आहे. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही, कारण खरी गोष्ट सांगायला वेळ लागतो आणि तोवर ते एखादा शर्टपीस फाडून मोकळे होतात.

गोष्ट माझ्या पुंजाराम काकांची. काका औरंगाबाद-गंगापूर लाइनीवर काळीपिवळी जीप भरायचे. जीप चालवणं कुणालाही जमतं, भरणं जमत नाही. त्या धंद्यात प्रवाशाला ‘शीट’ म्हणतात. नऊ माणसांच्या जीपमध्ये काका सतरा शीटं बसवायचे. युक्ती एकच होती: एक पुढं, एक मागं. पहिल्यानं सरकून पुढं बसायचं, दुसऱ्यानं पाठ टेकायची, तिसऱ्यानं परत पुढं. खांदे चेनच्या दातांसारखे एकमेकांत बसतात आणि मग गंगापूर येईपर्यंत कुणाला शिंकताही येत नाही. जीपमध्ये सतरा असोत नाहीतर एकही नसो, काकांची आरोळी ठरलेली, “एकच शीट राहिलं, एकच शीट!” स्टँडवर नियमही एकच होता. उतरला, त्याची जागा गेली. भजी घ्यायला उतरला तरी गेली.

जीपा तात्यासाहेबांच्या. पैसा आला की लोक घरावर मजला चढवतात. तात्यासाहेबांचे तीन चढवून झाले होते, त्यामुळं दोन हजार बारा साली त्यांनी विमान घेतलं. जुनं, पंख्याचं, अठरा खुर्च्यांचं. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन, अशा सहा ओळी. कंपनीचं नाव गोदातीर एअर. सकाळी चिकलठाण्याच्या विमानतळावरून मुंबई, संध्याकाळी परत. मी नुकताच बीकॉम होऊन घरी बसलो होतो, मला काउंटरवर घेतलं. काकांना ‘प्रवासी आसन अधिकारी’ केलं. हे काय असतं हे काकांनी विचारलं नाही आणि तात्यासाहेबांना माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी काका विमानात शिरले, प्रत्येक खुर्चीत एकदा बसले आणि प्रत्येक वेळी गुडघा आणि पुढची खुर्ची यांच्यामध्ये हात घालून बघितला. मग खाली येऊन मला म्हणाले, “बद्री, तीस वरसं लोकायचे गुडघे दाबले. हितं चार बोटं जागा मोकळी हाय रे, आन कुणी मागत बी नाय.” त्यानंतर रोज संध्याकाळी विमान रिकामं झालं की ते आत जाऊन पाच मिनिटं नुसते बसून यायचे. लोक मंदिरात बसतात तसे.

पहिल्या ओळीपुढं तर हातभर जागा होती. ती काकांनी एकदाच मोजली. ती भागूबाई काकूंसाठी होती.

काकूंचा डावा गुडघा वाकत नाही. पाय ताठ, पुढं काढलेला, कायमचा. जीपच्या मागच्या दारात सापडला होता. त्या दिवशी जीपमध्ये सतरा होते आणि अठरावं शीट काकू होत्या. जीप कुणी भरली होती हे घरात कुणी बोलत नाही.

तेव्हापासून काकूंचा प्रवास थांबला. एकदा रेल्वेनं न्यायचा प्रयत्न झाला. मनमाडपर्यंत नऊ माणसं त्यांच्या पायाला अडखळली, त्यातली दोघं चहासकट. काकू मनमाडला उतरून परत आल्या. लेक द्वारका भांडुपला दिलेली, तिचा पोरगा दोन वर्षांचा झाला होता आणि काकूंनी त्याला फक्त मोबाइलवर बघितला होता. मोबाइल तो आजीला दाखवायच्या आधी चाटायचा, त्यामुळं नातवाबद्दल त्यांची जी काही माहिती होती ती जिभेपुरती होती.

गोदातीरमध्ये नोकरीला वर्ष झालं की घरच्या एका माणसाला एक फेरी फुकट मिळायची. काकांचं वर्ष एक डिसेंबरला भरत होतं. पहिली ओळ, दुहेरी बाजूची खिडकी. काकूंनी निळी साडी काढून ठेवली होती.

नोव्हेंबरात तात्यासाहेब म्हणाले, “पुंजा, डिझेल वाढलं.” विमानात डिझेल घालत नाहीत, पण तात्यासाहेब सगळ्याच इंधनाला डिझेल म्हणायचे.

“व्हय मालक.”

“अठरा शीटात परवडंना. एकवीस बसीव.”

“मालक, माणूस सरकतं. खुर्ची बोल्टावर हाय.”

“मग बोल्ट काढ. एक जादा ओळ निघती का नाय, तेवढं सांग. नसंल निघत तर उद्याच इकतो हे, आन जीपा घेतो.”

काकांना उत्तर माहीत होतं. प्रत्येक ओळीतली चार बोटं आणि पुढची हातभर जागा. पण एवढ्या वर्षांत शीटांच्या बाबतीत ते कधी खोटं बोलले नव्हते, ‘एकच राहिलं’ सोडून.

“निघती,” काका म्हणाले.

मेकॅनिकनं ओळी पुढं सरकवल्या, सातवी बसवली. काका त्या संध्याकाळी विमानात बसायला गेले नाहीत.

आता परवानगी. दिल्लीहून तपासणीचे एक साहेब आले. बारीक अंगाचे, गळ्यात थांबघड्याळ. त्यांची अट साधी होती. एकवीस साधी माणसं बसवा, मी घंटी वाजवतो, नव्वद सेकंदांत सगळी खाली दिसली पाहिजेत. दिसली तर ओळ राहील, नाहीतर निघेल. संधी एकच.

तात्यासाहेबांनी गंगापूरला दोन जीपा धाडल्या आणि गावात निरोप दिला, ‘विमानात बसायचं असंल तर चला.’ वीस जण आले. एकविसाव्याला जागा मिळाली नाही, कारण त्या जीपा काकांनी भरलेल्या नव्हत्या.

“चिकलठाण्यातच घर हाय ना तुझं?” तात्यासाहेब काकांना म्हणाले. “वैनीला बोलीव.”

“मालक, तिचा पाय...”

“बसायचंच तर हाय!”

मी स्कूटरवर जाऊन काकूंना आणलं. त्या निळी साडी नेसून आल्या. काका म्हणाले, “ही कशाला? ही तर मुंबईसाठी व्हती.” काकू म्हणाल्या, “इमान तर तेच हाय ना.”

काकूंना पहिल्या ओळीत खिडकीशी बसवलं. पाय मावेना. समोर आता भिंत होती. शेवटी काकू खिडकीला पाठ लावून आडव्या बसल्या आणि पाय शेजारच्या आप्पासाहेबांच्या मांडीवर आला. आप्पासाहेब गंगापूरचे माजी सरपंच. त्यांनी तो पाय सरकारी फाइलीसारखा दोन्ही हातांनी धरला आणि समोर बघत राहिले.

“लई दाबतोय का?” काकूंनी विचारलं.

“नाय नाय. बसा तुम्ही,” आप्पासाहेब म्हणाले. “वजनाला हलकाच हाय.”

काका बघत होते. काकूंनी त्यांना जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, “तुमची ओळ बसली पायजे. माझं मुंबईचं काय, ऱ्हाऊ द्या. पोरगं मोठं झालं की तेच ईल.”

बाकीचे वीस जण तोवर सवयीनं एक पुढं, एक मागं असे बसले होते. साहेबांनी विचारलं, “किसी को तकलीफ?”

“काय बी नाय सायेब,” मागच्या ओळीतून गंगापूरचा रामकिसन म्हणाला. “लई जागा हाय. अजून सहा बसत्याल.”

साहेब खाली उतरले. शिडीच्या पायथ्याशी साहेब, तात्यासाहेब आणि मी. वर दारात काका. घंटी वाजली.

कुणीही हललं नाही.

दहा सेकंद झाली. वीस झाली. साहेब ओरडले, “उतरो! समझो आग लगी है!”

“समजलो,” आतून रामकिसनचा आवाज आला. “पण आमाला बसवलंय. मुंबई दावा, मंग उतरतो.”

“उतरू नगा गं,” चतुराबाई शेजारणीला बजावत होत्या. “जागा जाईल.”

तीस वर्षांचं शिक्षण होतं ते, आणि मास्तर दारात उभे होते.

“पुंजा!” तात्यासाहेब खालून ओरडले. “बोल की रं! ते बोल!”

ते म्हणजे काय, हे मला माहीत होतं. जीप बंद पडली आणि माणसं उतरेनाशी झाली की काका एकच आरोळी द्यायचे, “मागची गाडी आधी सुटणार!” तीस वर्षांत ती कधी वाया गेली नव्हती. सतरा माणसं श्वासभरात खाली यायची, म्हाताऱ्या सगळ्यात आधी. विमान तर वीस सेकंदांत मोकळं झालं असतं. वेळ अजून होता.

काकांनी श्वास भरून घेतला. त्यांची छाती फुगली, मानेच्या शिरा वर आल्या. मी कानावर हात नेले. आतून काकूंचा आवाज आला, “बोला की वो!”

काकांनी आत बघितलं. आप्पासाहेबांच्या मांडीवर तो पाय होता.

मग त्यांनी तो सगळा श्वास नाकानं सोडून दिला. सावकाश. सोडायलाच वीस-एक सेकंद लागली असतील.

साहेबांनी घड्याळ दाबलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि चहा मागितला. ओळ गेली. गंगापूरकर दुपारी जेवणाच्या वेळेला उतरले, तेही एकेक करून, खुर्चीवर रुमाल टाकून.

तात्यासाहेब काकांजवळ आले. मला वाटलं, आता काकांची नोकरी गेली आणि पाठोपाठ माझी.

“घसा बसला व्हता का रं?”

“व्हय मालक.”

“तीस वरसांत पहिल्यांदा?”

“व्हय.”

आप्पासाहेब काकूंचा हात धरून त्यांना शिडीवरून उतरवत होते. ताठ पाय आधी, मग दुसरा. तात्यासाहेब तिकडं बघत राहिले. काकूंचा पाय सापडला ती जीपही त्यांचीच होती. “गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या कर,” ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

एक डिसेंबरला सकाळी अठरा खुर्च्यांच्या विमानात अकरा माणसं होती. एरवी काका विमानतळाच्या दारात उभं राहून “एकच शीट, मुंबई, एकच शीट!” ओरडायचे आणि सुटाबुटातली माणसं खरंच पावलं उचलायची. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. काकूंना पहिल्या ओळीत खिडकीशी बसवून आले, गुडघ्यापुढं, पावलापुढं हात घालून बघून आले. शेजारची खुर्ची रिकामी ठेवायला मला सांगितलं. मग शिडीखाली उभं राहून, सात खुर्च्या मोकळ्या असताना, म्हणाले, “भरली. जाऊ द्या.”

हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

होळीच्या सुमाराला गोदातीर एअर बंद झाली. डिझेल काही उतरलं नाही. तात्यासाहेबांनी विमान मोडीत काढलं आणि नव्या जीपा घेतल्या, पण काका परत स्टँडवर गेले नाहीत. मालकांनी त्यांना थेट विचारलंच नाही. खुर्च्या वाटल्या गेल्या. दोन अनंतरावांकडं, एक बिडकीनच्या सलूनमध्ये आणि पहिल्या ओळीतली जोडी एका जीपच्या टपावरून काकांच्या घरी. ती त्यांच्या ओसरीत आहे. समोर अंगण आहे, भिंत नाही. काकू खिडकीकडच्या खुर्चीत बसतात. खिडकी नाही, पण बाजू तीच आहे.

मी अजूनही संध्याकाळी अधूनमधून जातो. सांगायचं राहिलं, काकू त्या वेळी पंधरा दिवसांनी मुंबईहून परत आल्या, तेव्हा मी काउंटर सोडून धावत गेलो होतो. विचारलं, “काकू, वरून काय काय दिसलं? वेरूळ? दौलताबादचा किल्ला? समुद्र?”

“काय म्हाईत बाबा,” काकू म्हणाल्या. “मी जाताना-येताना सगळा येळ पायाकडंच बघत व्हते. कुणालाच लागत नव्हता.”