अमायलेज वाढलंय

सीतारामरावांनी गळ्यातली सोन्याची साखळी काढली आणि पलंगावर बसलेल्या जावयाच्या गळ्यात घातली. गालगुंड झालं की तंजावुरात सोनं घालतात. सोन्याच्या हट्टापायीच म्हणे गाल फुगतात. चिदंबरचे गाल तर इडलीसारखे टम्म झाले होते, पण हसायची कुणाची छाती नव्हती.

परवा ताप, उलट्या आणि पोटदुखी म्हणून त्याला इथं इस्पितळात आणलं होतं. रक्त तपासलं तर अमायलेज वाढलेलं. "हा पाचकरस स्वादुपिंड बिघडलं की रक्तात वाढतो, आणि ते दारूनंही बिघडतं," असं सांगून डॉक्टरांनी विचारलं होतं, "दारू घेता?"

चिदंबर नाही म्हणाला. पण सासऱ्यांना तो प्रश्नच पुरे झाला. नव्या परदेशी कोला पेयाचा माल खपवत गावोगाव हिंडणारा, रात्री उशिरा घरी येणारा हा माणूस दुसरं काय करत असणार? सीतारामरावांनी सुतावरून स्वर्ग गाठला. भरल्या वॉर्डात त्याला दारुडा म्हणाले आणि हरिणीला माहेरी घेऊन गेले. लेकही निमूट गेली.

आज सकाळी गाल सुजले. डॉक्टरांनी सीतारामरावांना बोलावून घेतलं.

"अमायलेज लाळेच्या ग्रंथींतही बनतं, सार. गालगुंडातही वाढतं. मी विचारलं होतं, ठरवलं नव्हतं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. तरी ते वॉर्डात आले, जावयाला साखळी घातली, आणि शेजारच्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"माप्पिळै, जावईबापू, माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोललों, सगळ्यांसमोर माफी मागतों."

जबडा दुखत होता, म्हणून चिदंबर सावकाश बोलला.

"असूं दे, मामा. तुम्ही मज कितीसं ओळखतां? सणावारीं भेटतों तेवढंच."

सीतारामरावांचा जीव भांड्यात पडला. वडिलांबरोबर आलेली, इतका वेळ पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली हरिणी पुढं आली. तिनं पेजेच्या डब्याचं झाकण काढलं, चमचा भरून त्याच्या ओठांशी नेला.

चिदंबरनं तोंड उघडलं नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही.

"ठेव तेथें," तो म्हणाला. "मामा भरवतील."

हरिणीनं चमचा वडिलांच्या हातात दिला आणि ती मागं सरली. त्यांना माफी मिळाली होती; रोज त्याच्यासोबत राहणाऱ्या तिला नव्हती. सीतारामरावांना लेकीकडे मान वर करून बघवेना.