फ्राउ ल्यूडर्सच्या फुक्सिया

फुक्सियाच्या बाराच्या बारा कुंड्या सडल्या होत्या. शमिकाने एक रोप जरासं ओढलं तर ते मुळासकट हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत, आणि वर तो वास. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झाडं तिची नव्हती. तळमजल्यावरच्या फ्राउ ल्यूडर्सची होती. नोव्हेंबरात म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं, ती बर्लिनला मुलीकडे गेली आणि जाताना वीस वर्षं जपलेली ही झाडं शमिकाच्या ओटीत घालून गेली. हॅम्बर्गमधल्या त्या इमारतीत आठ वर्षांत कुणी शमिकावर काही सोपवलं नव्हतं. साधं पार्सल ठेवायलासुद्धा लोक दुसरं दार वाजवत. म्हातारीने बजावलं होतं: हिवाळ्यात यांच्या नुसत्या काटक्या उरतात, पण त्या मेलेल्या नसतात. तळघरात गार ठेवायच्या, महिन्यातून घोटभर पाणी, आणि मार्चमध्ये छाटून उजेडात आणायच्या. आता मार्च उजाडला होता आणि म्हातारी उद्या परतणार होती.

शमिका तरातरा वर आली. "अहो आई, खालच्या झाडांना पाणी तुम्ही घातलंत?"

कुंदाताई, तिच्या सासूबाई, डिसेंबरात पुण्याहून आल्या होत्या. आंघोळीनंतर झाडाला तांब्याभर पाणी घातल्याशिवाय त्या चहाला शिवत नसत, आणि या घरात तुळस नव्हती.

"रोज घातलं," त्या म्हणाल्या. "बटाटे आणायला गेले तर वाळून कोळ झालेली दिसली. तुला नसेल दया, मला आहे."

"मला विचारायचं तरी."

"तू बोलतेस कुठे माझ्याशी?"

"मग गार्डनसेंटरमधून नवीन आणू ना," आतून प्रताप म्हणाला. बायकोने आणि आईने, दोघींनीही त्याला मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी फ्राउ ल्यूडर्स लिफ्टने वर आली, वॉकर ढकलत. शमिकाने एक कुंडी आणून दाखवली. म्हातारीने मातीत बोट खुपसलं, बाहेर काढलं, रुमालाला पुसलं. तेवढ्यात कुंदाताई न बोलावता स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"तिला सांग, माझ्या सुनेला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. मी होते म्हणून त्यांना पाणी तरी मिळालं."

आजवर सासूबाईंचं बोलणं जर्मनमध्ये सांगताना शमिका त्यातले काटे काढून टाकत असे. आज तिने शब्दन् शब्द सांगितला, शिवाय 'रोज एक तांब्या' हे पदरचं जोडलं. सांगताना तिला बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोला. एकदाची कुणाची चूक ते बाहेरच्या माणसाला कळलं.

फ्राउ ल्यूडर्सने आधी कुंदाताईंकडे पाहिलं, मग शमिकाकडे.

"म्हणजे ज्यांना काही माहीत नव्हतं त्या रोज खाली उतरल्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही? चार महिन्यांत तुम्ही किती वेळा उतरलात?"

ऑफिस, थंडी, पोराचं आजारपण, शमिकाकडे कारणं होती. पण कालचा दिवस सोडला तर ती एकदाही उतरली नव्हती.

"काय म्हणाली गं?" कुंदाताईंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला होता.

"तुमच्यावर फार चिडल्यात," शमिका म्हणाली.